मेलेल्या वांदराची खबर

एप्रिलचा पहिला आठवडा, सकाळचे साडेसात. शेजारच्या बागेतून दादांचा फोन आला. "काजीखाली वांदर मेलो हा. खड्डो मारून पुरून टाकतंय."

दादा काजूबी गोळा करायला गेले होते. वानर झाडाच्या बुंध्याला टेकून बसल्यासारखं मरून पडलं होतं. अंगावर जखम नाही, आजूबाजूला रक्त नाही. बाजूलाच अर्धा खाल्लेला बोंडू, म्हणजे काजूचं फळ. मी म्हटलं, "दादा, हात लावू नका, काठीनंसुद्धा ढकलू नका. मी वनखात्याला कळवतो." ते हसले. "मेलेल्याक आता डाक्टर काय करतलो?"

प्रश्न अगदी बरोबर होता. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर आहे.

गोठ्यातल्या गुराला बरं नसलं की आपल्याला लगेच कळतं. ते वैरण सोडतं, रवंथ थांबवतं, कान पाडून उभं राहतं. आपण पशुवैद्याला बोलावतो, तो ताप बघतो, सुई देतो. रानातल्या जनावराच्या बाबतीत यातलं काहीच होत नाही. उलट ते आपलं दुखणं लपवतं. जो लंगडतो, मागे पडतो, त्याच्यावरच शिकाऱ्याची पहिली नजर जाते, त्यामुळे शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत दिसणं हा त्याच्या जगण्याचा भाग असतो. आपल्याला ते आजारी दिसतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्यात हजेरीपट नाही, केसपेपर नाही, मागच्या वर्षीचं वजन कुणाला माहीत नाही.

मग त्यांच्या तब्येतीवर नजर ठेवायची कशी? जे हाताला लागतं त्यावरून. विष्ठेतून जंत आणि ताणाची संप्रेरकं कळतात. रानात लावलेल्या कॅमेऱ्यात एखादं जनावर खरूज लागलेलं किंवा बरगड्या मोजता येतील इतकं खंगलेलं दिसतं. विहिरीत पडलेला बिबट्या बाहेर काढताना बेशुद्ध केला तर रक्त घेता येतं. पण सगळ्यात जास्त सांगतं ते मेलेलं जनावर. ते पळत नाही, लपवत नाही. अट एकच, त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचायला हवं. आणि तिथे सगळ्यांत आधी पोहोचतो तो शास्त्रज्ञ नसतो. तो काजूच्या बागेतला गडी असतो, पातेरा, म्हणजे झाडाखालचा वाळका पाला, गोळा करणारी बाई असते, पहाटे किनाऱ्यावर फिरायला गेलेला माणूस असतो.

माकडताप: मेलेल्या माकडांनी सांगितलेला रोग

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली. त्याच सुमारास आसपासच्या गावांतले लोक कडक तापानं अंथरुणाला खिळले. पुण्यात १९५२ पासून विषाणूंवर संशोधन करणारी संस्था होती, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तिथले शास्त्रज्ञ धावले ते एका वेगळ्याच धास्तीनं. माकडं आणि माणसं एकदम मरतात असा तेव्हाचा प्रसिद्ध रोग म्हणजे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला पिवळा ताप. तो भारतात शिरला की काय? तपासात विषाणू वेगळाच निघाला. तो डासांतून पसरत नव्हता, गोचिडीतून पसरत होता. जंगलाच्या नावावरून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणू लागले. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात.

हे नाव सोपं आहे, पण माकडांवर अन्याय करणारं आहे. माकडाच्या चाव्यातून किंवा त्याच्या जवळून जाण्यानं हा ताप येत नाही. माकड त्या रोगाचं आपल्यासारखंच गिऱ्हाईक आहे, किंबहुना आपल्यापेक्षा जास्त, कारण वानर आणि लाल तोंडाची माकडं दोन्ही या विषाणूपुढे फार लवकर मान टाकतात. माणसांत शंभरातले तीन ते पाच रोगी दगावतात. वानरांचं तसं नाही.

यातली खरी गोम गोचिडीच्या आयुष्यात आहे. अंड्यातून निघालेली गोचीड मोहरीच्या दाण्याहून लहान असते, सहा पायांची. ती एका जनावरावर चढते, पोटभर रक्त पिते आणि खाली पडते. पातेऱ्यात पडून कात टाकते, तिला आठ पाय फुटतात. मग दुसरं जनावर, पुन्हा एकदा रक्त, पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेला ती पूर्ण वाढते आणि गुरासारखं मोठं जनावर शोधते. म्हणजे उभ्या आयुष्यात तिची तीन जेवणं. पहिलं जेवण विषाणू असलेल्या माकडाच्या अंगावर झालं, तर तो विषाणू तिच्या पोटात कात टाकल्यावरही टिकतो आणि दुसऱ्या जेवणाला ती ज्याला चावेल त्याच्यात उतरतो. हे दुसरं जेवण घेणारी मधल्या वयाची गोचीड माणसाला सगळ्यात जास्त चावते. तिचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. आता आपलं कोकणाचं कॅलेंडर काढा. पातेरा गोळा करणं, झाडांची कवळ (डहाळ्या) तोडणं, शेत भाजायची भाजावळ, काजू, मग करवंदं, जांभळं. रानात जायची आपली सगळी कामं नेमकी याच महिन्यांत असतात.

आता दादांच्या वानराकडे परत येऊ. जिवंत वानराच्या अंगावर शेकड्यांनी गोचिडी असू शकतात. ते मेलं की अंग थंड पडायला लागतं आणि गोचिडींना थंड जेवण चालत नाही. त्या उतरतात. म्हणजे जिथे वानर मेलं, त्याच्या आजूबाजूचा पातेरा हा त्या दिवसापासून विषाणूच्या गोचिडींचा साठा होऊन बसतो. तिथे कुणी बोंडू वेचायला बसलं, सावली बघून आडवं झालं, की झालं. मेलेलं वानर पुरलं तरी त्या जागेचा धोका पुरला जात नाही, कारण गोचिडी आधीच बाहेर आलेल्या असतात. उलट पुरायला गेलेला माणूस त्यांच्या मधोमध उभा असतो. म्हणूनच मी दादांना काठीनं ढकलूसुद्धा नका म्हटलं.

खबर गेली तर पुढे काय होतं, तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं वनखात्याची गाडी येते आणि मेलेलं जनावर उचलून नेते. तसं नसतं. पशुवैद्यक हातमोजे, मास्क, अंगभर सूट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून येतात. शक्यतो जागेवरच शवविच्छेदन होतं. अवयवांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे नळ्यांत भरून बर्फाच्या डब्यात ठेवतात आणि घाट चढून ते पुण्याच्या प्रयोगशाळेकडे जातात. विषाणूचा अंश शोधायची ती चाचणी कोरोनामुळे आता सगळ्यांना तोंडपाठ आहे, आरटीपीसीआर. शव तिथेच जाळतात. आजूबाजूला कीटकनाशक पावडर मारतात.

आणि मग एक गंमतशीर दिसणारं काम होतं. दोन माणसं पांढऱ्या फ्लॅनेलचं, पंचाएवढं फडकं काठीला बांधून पातेऱ्यावरून हळूहळू ओढत नेतात. झेंडा घेऊन निघालेत पण झेंडा जमिनीवर लोळतोय, असा तो प्रकार. काही पावलं चालून थांबतात, फडकं उलटं करतात आणि डोळे बारीक करून बघतात. पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, त्यातले काही चालणारे. जनावर आलं असं समजून गोचिडी फडक्याला चिकटलेल्या असतात. चिमट्यानं एकेक उचलून बाटलीत टाकतात आणि त्यांचीही तपासणी होते. कुठल्या भागात किती गोचिडी आहेत आणि त्यात विषाणू आहे का, हे कळायचा याहून स्वस्त उपाय अजून निघालेला नाही.

एप्रिलमधलं कोकण या सगळ्याच्या विरोधात असतं. घामानं शर्ट अंगाला चिकटतो अशा हवेत शव झपाट्यानं सडतं आणि सडलेल्या मांसात विषाणूचा माग काढणं कठीण होतं. दुपारी चारला कळवलं आणि दुसऱ्या दिवशी अकराला माणसं आली, तर हातात दुर्गंधीशिवाय फारसं काही उरत नाही. मी एकदा एका कार्यालयात फोन केला होता, तेव्हा "उद्या बघू" हे उत्तर मिळालं. उद्यापर्यंत कोल्ह्या-कुत्र्यांनी बघून घेतलं होतं.

पन्नासेक वर्षं हा रोग कर्नाटकातल्या काही जिल्ह्यांत घुटमळत होता. २०१२ पासून तो सरकू लागला. बंदीपूर, नीलगिरी, केरळातलं वायनाड, २०१५ मध्ये गोव्याचा सत्तरी तालुका आणि २०१६ मध्ये आपला सिंधुदुर्ग. आधी दोडामार्ग, मग सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरात. काजूच्या हंगामात गोव्यात जाणारे-येणारे मजूर, सलग पसरलेलं जंगल, त्यात घुसलेल्या बागा, हे सगळं एका रेषेत मांडलं की नकाशा कळतो. जुनी लस होती, पण तिचा प्रभाव अपुरा पडत असल्याचं दिसल्यावर तिचा वापर थांबला, आणि नव्या लशीचं काम सुरू झालं. तोवर अंगभर कपडे, उघड्या अंगाला लावायचं गोचीड पळवणारं तेल, रानातून आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ, आणि कपडे गरम पाण्यात, एवढंच हातात आहे. अचानक थंडी वाजून ताप, कपाळ फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, हिरड्यांतून रक्त अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरला "मी रानात गेलो होतो" हे आधी सांगावं. ते वाक्य बऱ्याचदा राहून जातं, आणि सिंधुदुर्गात लेप्टोही आहे, डेंग्यूही आहे, त्यामुळे गोंधळ व्हायला वेळ लागत नाही. माणसापासून माणसाला मात्र हा रोग लागत नाही, तेवढा दिलासा आहे.

वानरांवर आपल्याकडे आधीच राग आहे. नारळ, काजू, फणस, सगळ्याची नासधूस करतात, त्यात हा ताप. मग कुणीतरी म्हणतंच की टोळ्या हाकलून द्या. आजारी टोळी हाकलली की तिच्या अंगावरच्या गोचिडी पुढच्या वाडीत पडतात. इतकं साधं गणित आहे.

खबर नाही म्हणजे रोग नाही असं नाही

इथे एक गोष्ट जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे, कारण बातम्या वाचताना आपण तिथेच फसतो. समजा एका तालुक्यात यंदा तीस मेलेली माकडं नोंदवली गेली आणि शेजारच्या तालुक्यात शून्य. शेजारचा तालुका निरोगी? माहीत नाही. कदाचित तिथे कुणी रानात जात नसेल, गेलेल्याला कुठे कळवायचं हे ठाऊक नसेल, किंवा दादांसारखं खड्डा मारून मोकळे होत असतील. रानातल्या किती माकडांपैकी तीस मेली, हा खालचा आकडाही आपल्याकडे नसतो. उलट गावात जनजागृतीची बैठक झाली की पुढच्या महिन्यात नोंदी वाढतात. बातमी येते, "माकडांच्या मृत्यूंत वाढ". वाढ मृत्यूंत झाली की फोनांत, हे ओळखायचं असेल तर एकच मार्ग असतो. वर्षानुवर्षं, रोग नसतानासुद्धा, सारख्याच चिकाटीनं नोंद ठेवणं. विजेच्या तारेला चिकटून मेलेलं, कुत्र्यांनी मारलेलं, झाडावरून पडलेलं, सगळं लिहायचं. नेहमीचं मरण किती असतं हे माहीत असेल तरच नेहमीपेक्षा वेगळं काय ते दिसतं.

हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पैसे मिळवणं त्याहून अवघड. साथ आली की निधी येतो, साथ गेली की वही बंद.

गिधाडं: रोग नव्हता, औषध होतं

मेलेल्या जनावरानं किती मोठं गुपित फोडावं याचं उदाहरण म्हणजे गिधाडं. चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, ढोर मेलं की गावाबाहेर टाकायचं आणि तासा-दोन तासांत आभाळातून गिधाडं उतरायची. मग ती दिसेनाशी झाली. १९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी घरटी मोजता मोजता ही घट नोंदवली. पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतात हजारातलं एक उरलं. मरायच्या आधी ही गिधाडं दिवसेंदिवस मान खाली टाकून बसलेली दिसत. सगळ्यांना वाटलं, साथीचा रोग असणार. विषाणूचा शोध सुरू झाला.

उत्तर शवविच्छेदनाच्या टेबलावर होतं. मेलेल्या गिधाडांच्या पोटातले अवयव चुना फासल्यासारखे पांढरे दिसत होते. तो चुना म्हणजे युरिक आम्लाचे स्फटिक. पक्ष्यांची मूत्रपिंडं बंद पडली की ते रक्तात साठतं आणि अवयवांवर बसतं. पण मूत्रपिंडं का बंद पडली? पाकिस्तानात काम करणाऱ्या एका पथकानं २००४ मध्ये याचा छडा लावला. अशा पांढऱ्या झालेल्या पंचवीस गिधाडांची मूत्रपिंडं तपासली, पंचवीसच्या पंचवीसमध्ये डायक्लोफेनॅक सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेली तेरा तपासली, एकातही नाही. अशी स्वच्छ वाटणी संशोधनात क्वचित हाती लागते.

डायक्लोफेनॅक म्हणजे आपण गुडघा दुखला की घेतो तीच वेदनाशामक गोळी. गुरांना ती सुईतून देत. गुराला काही होत नसे. ते दोन दिवसांत दुसऱ्या कशानं मेलं तर औषध मांसात उरे आणि ते खाल्लेलं गिधाड मरे. त्यातही एका ढोरावर पन्नास गिधाडं जमतात. म्हणून शास्त्रज्ञांनी हिशेब केला तेव्हा दिसलं, शंभरातल्या एका मेलेल्या जनावरातसुद्धा हे औषध असायची गरज नाही, त्याहून कमी पुरतं. आणि गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. गेलेलं भरून निघायला आयुष्य जातं.

२००६ मध्ये भारतानं जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचू लागल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या एका मात्रेच्या, तीन मिलिलिटरच्या केल्या. मग लक्षात आलं की एसिक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामक गुराच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं. २०२३ मध्ये ते आणि किटोप्रोफेन जनावरांसाठी बंद झालं, नंतर निमेसुलाइडवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मात्र गिधाडांना सुरक्षित असल्याचं तपासून सिद्ध झालेलं आहे. तेव्हा गाय लंगडली आणि सुई द्यायची वेळ आली तर पशुवैद्याला "मेलॉक्सिकॅम चालेल का?" एवढं विचारणं हेही वन्यप्राण्यांच्या आरोग्याचंच काम आहे, आपल्याच अंगणात बसून केलेलं.

रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या परिसरात पांढऱ्या पाठीची गिधाडं उंच झाडांवर घरटी करून टिकून राहिली आहेत. महाडच्या सीस्केप संस्थेनं, प्रेमसागर मेस्त्री यांच्या पुढाकारानं, गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती सांभाळली. तिथे आरोग्यावर लक्ष म्हणजे काय, तर घरटी मोजा, पिल्लं किती उडाली ते बघा, आणि मेलेलं ढोर गिधाडांना घालायच्या आधी शेतकऱ्याला विचारा की याला शेवटची सुई कसली दिली होती.

वाळूत आलेलं कासव पाण्यात ढकलू नका

समुद्राचं प्रकरण वेगळं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सांभाळायला सुरुवात केली आणि आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला पुण्या-मुंबईहून गर्दी होते. अंड्यांबद्दल बरंच लिहून झालंय. मोठ्या कासवांच्या दुखण्याबद्दल कमी.

पावसाळ्यात समुद्र खवळला की किनाऱ्यावर जखमी कासवं लागतात. बहुतेकांच्या वल्ह्यासारख्या पायांत तुटलेल्या जाळ्याचा नायलॉन रुतलेला असतो, कधी हाडापर्यंत. लोक बिचाऱ्याला पाण्यात सोडतात, लाटा परत आणतात, पुन्हा सोडतात. हेतू चांगला, परिणाम वाईट. कासवाला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत. श्वासासाठी त्याला दर थोड्या वेळानं वर यावं लागतं. दमलेल्या कासवाला ते जमत नाही, म्हणून ते किनारा धरतं. अंडी घालायला आलेली मादी वेगळी. ती रात्री येते, खड्डा करते आणि आपल्या पायांनी परत जाते. दिवसाढवळ्या लाटांच्या रेषेत पडून राहिलेलं कासव आजारी समजावं, सावलीत ठेवावं, अंगावर ओलं फडकं टाकावं आणि कळवावं.

मच्छीमारांसाठी एक गोष्ट तर सोन्यासारखी. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिलेलं कासव वर काढल्यावर मेल्यासारखं निपचित असतं. बरेचदा ते मेलेलं नसतं. त्याला पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उंच करायची म्हणजे फुप्फुसातलं पाणी उतरतं, आणि काही तास सावलीत ओलसर ठेवायचं. कित्येक कासवं अशी हलू लागतात. जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला तर २०१८ पासून राज्य सरकार मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. जाळ्याची किंमत ज्याला माहीत आहे त्याला या योजनेचं मोल वेगळं सांगायला नको.

२०२२ पासून कोकणातल्या काही कासवांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली. पहिलीचं नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरला यंत्र लावलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात गेली. म्हणजे गुहागरच्या कासवाच्या पायात रुतलेलं जाळं तमिळनाडूचं असू शकतं.

बिबट्या, विहीर आणि आरडाओरडा

कठडा नसलेल्या विहिरीत बिबट्या पडणं आपल्याकडे नवीन नाही. बातमीचा शेवट ठरलेला असतो, "सुखरूप बाहेर काढून नैसर्गिक अधिवासात सोडले". त्यातल्या सुखरूप या शब्दाबद्दल मला नेहमी शंका असते. जिवाच्या आकांतानं धडपडणाऱ्या जनावराचे स्नायू आतून फुटायला लागतात. त्यातला लाल पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं तुंबवतो. अंग तापतं. बाहेरून ओरखडाही नसतो. पिंजऱ्याचं दार उघडल्यावर बिबट्या उडी मारून जातो, आपण टाळ्या वाजवतो, आणि तो दोन-चार दिवसांत रानात मरू शकतो. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासकीत कमरेला अडकलेल्या जनावराचं तर विचारूच नका, आतल्या अवयवांना काय झालंय ते वरून दिसत नाही.

या सगळ्यात सगळ्यात मोठं विष म्हणजे विहिरीभोवतीची गर्दी. दोनशे माणसं, शिट्ट्या, मोबाइल. पशुवैद्यकाच्या हातात बेशुद्धीचं औषध असतं, शांततेचं नसतं.

बिबट्याच्या तब्येतीचा एक धागा गावच्या कुत्र्यांशीही आहे. तो कुत्री खातो. कुत्र्यांतला डिस्टेंपर हा विषाणूचा रोग वाघ-सिंहांसारख्या मोठ्या मांजरांनाही होतो, २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले तेव्हा तपासात तो विषाणू निघाला होता. कुत्र्यांचं लसीकरण रेबीजपुरतंच का असू नये, याचं हे कारण.

पक्ष्यांचंही तेच. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत मेलेले कावळे भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२५ मध्ये उरणजवळ चिरनेरला तो परसातल्या कोंबड्यांत सापडला, आणि त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात पिंजऱ्यातले तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानं दगावले. कावळा, कोंबडी, वाघ. पशुसंवर्धन खातं, वनखातं, आरोग्य खातं. विषाणूला खाती कळत नाहीत, म्हणून तिन्ही खात्यांनी एकाच टेबलावर बसावं या विचाराला हल्ली वन हेल्थ म्हणतात. नाव नवीन आहे. गोचीड, गुरं, वानर आणि बोंडू वेचणारी बाई एकाच पातेऱ्यात असतात, हे आपल्याला नवीन नाही.

कळवायचं कसं? वनखात्याचा क्रमांक १९२६. लांबून फोटो काढा, शक्य असेल तर मोबाइलवर जागेचं ठिकाण पाठवा, किती वाजता दिसलं ते सांगा, एकच आहे की जास्त ते बघा. आसपास विजेची तार आहे का, शेतात विष टाकलं होतं का, हेही सांगा. कुत्री आणि पोरं लांब ठेवा. शाळेजवळ असेल तर आधी मास्तरांना सांगा, फोन नंतर.

दादांच्या वानराचा अहवाल यायला बरेच दिवस लागले. माकडताप नव्हता. मी सांगायला गेलो तेव्हा ते खळ्यात काजूबी वाळत घालत होते. "म्हणजे सगळा फुकट गेला ना?" मी म्हटलं, दादा, नाही आलं हीसुद्धा नोंदच असते, तुमच्या वाडीच्या नावावर एक ओळ पडली. त्यांना ते फारसं पटलं नाही, आणि मीही लांबवलं नाही.

यंदा मार्चमध्ये, हंगाम नुकता सुरू झाला होता, पुन्हा सकाळी सकाळी त्यांचा फोन. या वेळी खड्ड्याचं नाव नव्हतं. "हात लावूक नाय. फोटो धाडलंय, तेंकाय फोन केलंय. ह्या टायमाक दोन आसत."